माल नेहमीच्या जागी

सोमवार, ४ तारीख

ही वही सूनबाईने आणून दिली. ती दाताच्या डॉक्टरांकडे कामाला आहे, तिथे फुकट मिळाली म्हणे. दर पानाच्या कोपऱ्यात एक दात छापलाय. माझ्या तोंडात आहेत त्यापेक्षा वहीत जास्त आहेत. "आई, मनात येईल ते लिहा, बरं वाटेल," म्हणाली. मला बरंच आहे की, मी आजारी कधी होते? पण ही पोरगी महिन्यातून चार वाक्यं बोलते, म्हणून मी तिला मौनीबाई म्हणते. त्या चारातलं एक तिने माझ्यावर खर्च केलं, तर ते वाया कशाला घालवायचं? बसले लिहायला.

लिहिण्यासारखं आजच घडलं. लोकरीच्या दुकानाची मालकीण आली होती. ती स्वेटरच्या नमुन्यांचं पुस्तक काढतेय. म्हणाली, "मावशी, तुमचेच नमुने हवेत. चाळीस. चौकटी भरलेले, तयार. आधी तुमचं नाव घालते, मग काकांचं."

मी म्हटलं, "आधी त्यांचं घाल. घरात कायम माझंच आधी होतं."

तर गोष्ट अशी, की मी विणायचे आणि हे मोजायचे. नोकरी संपल्यावर ह्यांनी माझा एकेक स्वेटर मांडीवर घेऊन टाका न् टाका मोजला आणि कॉम्प्युटरमध्ये चौकटीत भरला. एक चौकट म्हणजे एक टाका. बरोबर चाळीस झाले आणि मग हे गेले. त्याला आता सव्वा वर्ष होईल. तेव्हापासून मी सुया हातात धरल्या नाहीत. मनगट दुखतं. चष्म्याचा नंबरही बदललाय.

लोकरवालीला तीस तारखेच्या आत हवेत. "नाही जमलं तर पलीकडच्या गल्लीतल्या बाईंना विचारते," म्हणाली. त्या बाईला एकच नमुना येतो, बदक. पोटावर बदक, पाठीवर बदक, बाहीवर बदकाचं पिल्लू. ह्यांच्या चाळीस नमुन्यांच्या जागी बदकं छापून यायची, तर मी वर जाऊन ह्यांना तोंड काय दाखवू?

ती गेल्यावर कॉम्प्युटर लावला. बटण दाबलं, चहा टाकला, प्यायले, कप धुतला, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंय. चिरंजीव म्हणाले, "आई, येत्या रविवारी भंगारवाल्याला देतो हे धूड. नुसतं बसून असतं."

म्हटलं, "तू जन्मलास तेव्हा वर्षभर नुसता पडून होतास. तुला दिलं का मी भंगारात?"

मंगळवार, ५ तारीख

आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. खिशाला पेन लावावं तसा स्क्रू-ड्रायव्हर लावतो. त्याला फोन केला. म्हणाला, "हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचा कचरा साठला असेल. साफसफाईचे प्रोग्रॅम नेटवर फुकट मिळतात. त्यातला एक उतरवून घ्या. एकच घ्या हं, मावशी."

फुकट ते पौष्टिक. मी तीन घेतले.

पहिल्याने येताक्षणी घरात नऊशे दोष काढले. दुसरा म्हणाला, सगळ्यात मोठा कचरा म्हणजे हा पहिला. तिसरा म्हणाला, हे दोघेही संशयास्पद, दोघांना हाकला. तीन जावा एका स्वयंपाकघरात घातल्यासारखं झालं. झाडलं कुणीच नाही, एकमेकींच्या चुगल्या तेवढ्या केल्या. त्यातली एक येताना आपली पाहुणी घेऊन आली. पडद्याच्या कोपऱ्यात एक कुत्रं नाचतं आणि बाहेर किती थंडी आहे ते सांगतं. खिडकी आहे की मला.

कॉम्प्युटर आता काल होता त्याहून मंद.

बुधवार, ६ तारीख

मौनीबाईने सकाळी दोघींना हाकललं, कुत्र्याला हाकललं, एक साधा प्रोग्रॅम ठेवला. मग म्हणाली, "आई, झाडायच्या आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवू का?"

मी म्हटलं, "घर झाडायच्या आधी तू घराचे फोटो काढतेस का गं?"

ती नाकातल्या नाकात हसली. मी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर ही कॉम्प्युटरपाशीच बसलेली. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, धूळ पुसते. हातात फडकं काही दिसलं नाही. बाहीने पुसत असेल.

केर भरताना आज ह्यांची आठवण आली. ह्यांची एक खोड होती. घराची जादा किल्ली, विम्याचे कागद, माझ्या बांगड्या, सगळं स्वयंपाकघरातल्या केराच्या टोपलीत, अगदी तळाशी. त्यावर कागद, आणि कागदावर केर. म्हणायचे, "चोर सगळीकडे हात घालतो, केरात घालत नाही." चिरंजीवाने एकदा ती टोपली बांगड्यांसकट कचऱ्याच्या गाडीत ओतली. हे अनवाणी गाडीच्या मागे चौकापर्यंत धावले. बांगड्या मिळाल्या, एक चप्पल तेवढी गेली. तीही कशी, तर गाडीवाल्याला थांबवायला फेकून मारली होती. तरी खोड गेली नाही.

शुक्रवार, ८ तारीख

मौनीबाई सकाळीच माहेरी गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, बुधवारी परत येईल. चिरंजीव कामावर. म्हटलं, घरात अडवायला कुणी नाही, आज झाडूच.

त्या प्रोग्रॅममध्ये एक मोठं हिरवं बटण आहे, "सगळं एका दमात". ते दाबलं की तो विचारतो, नक्की का? हो म्हटलं की परत विचारतो, अगदी नक्की का? माझ्या लग्नात मला कुणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं. दाबलं.

काय काय काढलं म्हणता. तात्पुरत्या फायली, जुन्या फायली, नुसत्याच पडलेल्या फायली. केराची टोपली रिकामी केली, म्हणाला, आणि पुढे हिरवी खूण. मग म्हणाला, आता डिफ्रॅग करतो, बराच वेळ लागेल.

हे काय नवीन म्हणून डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, डिस्कवर एकेका फाईलचे तुकडे इकडे तिकडे विखुरलेले असतात. शोधायला वेळ लागतो, म्हणून मशीन मंद. हा प्रोग्रॅम तुकडे उचलून एकापाठोपाठ एक नीट लावतो."

म्हणजे एकाच स्वेटरची बाही माळ्यावर, गळा पलंगाखाली, पाठ शेजारणीकडे. सगळं गोळा करून एका कप्प्यात. कळलं.

पडद्यावर चौकटीच चौकटी आल्या. विखुरलेलं ते तांबडं, नीट लावलेलं ते निळं, रिकामं ते पांढरं. एक तांबडी चौकट विझते, लांब कुठेतरी एक निळी उजळते. मी चार तास जागची हलले नाही. धान्य निवडताना कसं, डोळा आपोआप खड्यावर जातो, तसं झालं. सवयीने ह्या वहीतल्या दाताच्या पानावर पेन्सिलीने चौकटी मारल्या आणि पडद्यावर दिसेल तसं भरत बसले. चोवीस रांगा झाल्या. कशाला केलं कोण जाणे. हात रिकामे होते.

शनिवार, ९ तारीख

कॉम्प्युटर पळतोय. बटण दाबून चहा टाकला, तर पाणी कोमट व्हायच्या आत हा तयार.

चिरंजीवांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "बरं, राहू दे मग."

म्हटलं, "तुलाही एकदा डिफ्रॅग करून घेऊ या. एक मोजा इथे, एक मोजा तिथे."

रविवार, १० तारीख

ह्यांचं "विणकाम" फोल्डर उघडलं. आत नमुना एकही नाही. एकच फाईल, आणि त्यात ह्यांनी लिहिलेली एक ओळ. "माल नेहमीच्या जागी."

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि केराची टोपली उपडी केली. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, दाढीचं पातं. त्यात बोटाने चाळत बसले. रिकामी टोपली हातात धरून उभी राहिले, आणि तेव्हा उजेड पडला.

कॉम्प्युटरलाही केराची टोपली आहे.

चोर तिथे हात घालत नाही. मी घातला.

आज एवढंच.

सोमवार, ११ तारीख

डॉक्टर आला. कॉम्प्युटर बघितला आणि स्क्रू-ड्रायव्हर परत खिशाला लावला, त्यावरूनच समजले.

मग म्हणाला, "मावशी, काढून टाकलेली फाईल लगेच मरत नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलं जातं. पानं तशीच असतात, त्यावर दुसरं कुणी लिहीपर्यंत."

"मग काढा की पानं."

"काढली असती. पण तुम्ही त्यानंतर चार तास सगळं सामान हलवून हलवून त्याच रिकाम्या जागेत बसवलंत."

मी बसून बघत होते ते हेच. एकेक तांबडी चौकट विझताना मला शहाणीला मजा वाटत होती.

हरवलेलं शोधायचेही फुकट प्रोग्रॅम असतात म्हणे. त्याने एक लावला, दोन तास चालवला. मिळाले साडेसहा. अर्ध्याला एकच बाही आहे.

जाताना म्हणाला, "साफसफाईचं काम चांगलंच झालंय हो." डॉक्टर जातीचे सगळे सारखेच. ऑपरेशन यशस्वी.

मंगळवार, १२ तारीख

दिवसभर डोळ्यांपुढे बदकं. लोकरवालीला फोन करून नाही म्हणून सांगायला हवं. उद्या करते.

बुधवार, १३ तारीख

फोन हातात घेतला आणि दार वाजलं. स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस गळतोय, तो बघायला प्लंबर आला. अंगात निळा स्वेटर, त्यावर पांढरी वीज चमकते तसा नमुना. मीच दिलेला, त्याला मुलगी झाली तेव्हा. पठ्ठ्याने नऊ वर्षं वापरलाय.

मी म्हटलं, "काढ तो."

"नळ काढतोच आहे."

"नळ राहू दे, स्वेटर काढ."

"मावशी, थंडी आहे हो."

"चहा देते. काढ."

ह्यांनी चौकटी भरल्या त्या कुठून? माझ्या विणीवरून. आणि मी विणलेलं काही कपाटात ठेवलेलं नाही. सगळं वाटून टाकलं. चाळीसच्या चाळीस नमुने गावभर लोकांच्या अंगावर फिरतायत आणि मी केरात शोधतेय.

त्याला ह्यांची शाल दिली पांघरायला आणि स्वेटर उलटा करून टाके मोजायला बसले. कोपरावर मोठं भोक होतं, तिथे मोजणी तुटायची. म्हणून सुया शोधून काढल्या आणि तेवढं भोक विणून घेतलं. मनगटाने काही कुरकुर केली नाही.

तेवढ्यात मौनीबाई दारात. माहेरची पिशवी खांद्याला तशीच. पर्समध्ये हात घालत घाईघाईने म्हणाली, "आई, ऐका ना. दुरुस्तीवाल्यांनी मला फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही काळजी करू नका, माझ्याकडे..." आणि थांबली. माझ्या हातांकडे बघत राहिली. एकदम खुळ्यासारखी.

मी म्हटलं, "तुझ्याकडे काय?"

म्हणाली, "माझ्याकडे वेळ आहे. तीस तारखेपर्यंत." पर्स बंद केली. "तुम्ही टाके सांगा, मी चौकटी भरते. आणि नाहीच झालं, तर मी आहे ना."

तिचा महिन्याचा कोटा एका दमात संपला. वर म्हणाली, आजपासून केर मी टाकत जाईन, तुम्ही वाकू नका. प्रवासाने मुलगी शहाणी झाली.

शनिवार, १६ तारीख

घराचं धर्मशाळेत रूपांतर झालंय. पोस्टमन आला, त्याने टपाल दिलं आणि अंगातला स्वेटर दिला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. शेजारीण कुत्र्याला घेऊन आली, कारण मी तिला दिलेला गुलाबी स्वेटर आता कुत्रा घालतो. हे तिने माझ्या तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, "असू दे गं. त्याला बसतो तरी नीट."

दुपारी बाहेरच्या खोलीत चौघं जण नुसत्या शर्टात कुडकुडत चहा पीत बसलेले आणि आम्ही दोघी आत मोजतोय. "दोन निळे, एक पांढरा, तीन निळे." मौनीबाई टक टक भरते. पोस्टमनने विचारलं, "मावशी, आम्हाला सोडणार कधी?" म्हटलं, "गळ्यापर्यंत आलेय, थोडं थांबा."

कुणाच्या बाहीचा धागा निघालाय, कुणाची कड उसवलीय. मोजता मोजता तेवढं विणून देते. सुया आता टेबलावरच असतात. कुठे आत ठेवायच्या परत.

गुरुवार, २१ तारीख

एकवीस झाले. डॉक्टरने काढलेले सहा त्यातच धरले.

आज बसच्या ड्रायव्हरचा स्वेटर भरत होतो. छातीवर लोकर इतकी विटलीय, की निळी कुठली आणि करडी कुठली समजेना. मी म्हटलं करडी. मौनीबाई पडद्याकडे बघतच म्हणाली, "चौदाव्या रांगेत निळी असेल, आई. पंधराव्यापासून करडी." भिंगातून बघितलं. बरोबर.

या मुलीने जन्मात सुई धरलेली नाही. आणि हे एकदा नाही, चारदा झालं. विणकाम तिच्या हाडातच आहे, कुणी शिकवलं नाही एवढंच. मी तिला तसं सांगितलं. ती लाल झाली आणि केर टाकायला गेली. सकाळीच टाकला होता.

चिरंजीव म्हणतात, तुम्ही दोघी दिवसभर बडबडता काय एवढ्या? मी म्हटलं, बडबडते मी, ती ऐकते. तर मौनीबाई म्हणाली, "मीही बोलते की. तुम्ही श्वास घेता तेव्हा." घ्या.

मंगळवार, २६ तारीख

एकोणचाळीस झाले.

चाळिसावा ह्यांचा स्वतःचा. करडा, गळ्यापासून खाली तांबड्या काचा, शंकरपाळ्यांसारख्या. तो मिळायचा नाही. तो ह्यांच्या अंगावर गेला. मीच घातला. ह्यांना थंडी फार वाजायची.

मौनीबाईला सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. उठून स्वयंपाकघरात गेली. मला इथून दिसत होती, टोपलीपाशी पाठमोरी उभी, किती वेळ. मग परत आली. तोंड असं, जसं काही चोरी केलीय. "आई, मला एक सांगायचंय."

मी तोवर वही उघडून आठ तारखेचं पान काढलं होतं. चोवीस रांगा, तांबडं, निळं, पांढरं. म्हटलं, "आधी हे बघ. चाळिसावा हा केला तर? त्या मेल्या डिफ्रॅगने माझे नमुने खाल्ले, एक तरी देऊन जाऊ दे. तांबडी लोकर आहे घरात, निळी आणायला लागेल."

"नवीन विणणार?" म्हणाली.

"नाही तर काय, जुनं?"

ती खाली बसली. "आणते निळी," म्हणाली आणि चप्पल घालून निघालीही. सांगायचं काय होतं ते विसरलीच. माझ्या घरात राहून माझ्यासारखी व्हायला लागली.

गुरुवार, २८ तारीख

झाला. लहान पोराच्या मापाचा, नमुना दिसण्यापुरता. खाली सगळे रंग विखुरलेले, जसजसं वर जावं तसतसे एकत्र येतात आणि गळ्यापाशी स्वच्छ निळं. विणताना दोन रात्रींचे स्वयंपाक चिरंजीवांनी केले. खाल्ले आम्ही. काही बोललो नाही, एवढं शांत जेवण या घरात प्रथमच.

नाव ठेवलं "आवराआवर".

शनिवार, ३० तारीख

लोकरवालीने चाळीस बघितले. बाकी एकोणचाळीस भराभर सरकवले आणि चाळिसाव्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा मुखपृष्ठावर घेते. सुचला कसा?"

म्हटलं, "केर काढताना."

नावं आम्ही ठरवली तशीच. आधी ह्यांचं, मग माझं. मी तिसरंही घालायला लावलं. मौनीबाई नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "गप गं. तुझं जे काम आहे ते कर, बोलू नकोस."

बदकवालीला एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे.

रविवार, ३१ तारीख

दोघं बाहेर गेलीत. घरात लोकरीचे तुकडे फार झाले होते, टोपली वाहायला लागली, म्हणून अठरा दिवसांनी केराला मी हात लावला. ओतली. तळाचा कागद चिकटून बसलेला, तो ओढला.

खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह.

लावला. चाळीस.

आधी रागच आला. अठरा दिवस माझ्याकडून टाके मोजून घेतले या मुक्या बयेने, आणि माल इथे, नेहमीच्या जागी. मग वही मागे उलटली. सहा तारीख वाचली, फडक्याशिवाय धूळ पुसत होती. तेरा तारीख वाचली. पर्स उघडली होती, माझ्या हातात सुया दिसल्या तशी बंद केली. सव्वीस तारीख वाचली. मीच लिहिलंय सगळं आणि मलाच दिसलं नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी मी.

तसा राग काय, चहा होईपर्यंत टिकतो. चहा झाला.

मग ह्यांचा तो उघडला. करडा, तांबड्या काचा. टाका न् टाका होता. खाली ह्यांची टीप होती. "रांग एकसष्ट, डावीकडून नववा टाका चुकलाय. तिला सांगायचं नाही."

चोवीस वर्षं तो स्वेटर घातला त्यांनी. मी रोज बघत होते आणि मला माहीत नाही. ह्या घरात गप्प बसणारी माणसं मलाच बरी मिळतात.

दुपारभर बसून एवढीशी पिशवी विणली, पेनड्राइव्हच्या मापाची. करडी, तांबड्या काचा. डावीकडून नववा टाका चुकवला. पेनड्राइव्ह आत घातला, तोंड बांधलं, परत टोपलीच्या तळाशी ठेवला. वर कागद. कागदावर केर.

केर टाकायची पाळी उद्या तिची. मी काही बोलणार नाही. बघू या, कोण आधी हसतं.